सिलिंडरला वाचता येत नाही

माणसाने पहिला शोध लावला तो अग्नीचा, दुसरा चाकाचा आणि तिसरा, माझ्या मते, रबरी शिक्क्याचा. पहिल्या दोन शोधांनी माणसाचे काम वाढवले. तिसऱ्याने ते इतके कमी केले की आता पुष्कळशी कामे शिक्काच करतो, माणूस फक्त तो उचलायला लागतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली वीस वर्षे बँकेत कारकून आहे. राहतो पेणला, नोकरी रोह्याला. माझ्या टेबलाच्या खणात लहानमोठे अकरा शिक्के आहेत. त्यांतला 'मूळ कागदाशी पडताळून पाहिले' हा शिक्का मला सर्वांत भारदस्त वाटतो. बाकीचे शिक्के नुसते सांगतात की काहीतरी घडले. हा सांगतो की कुणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिले. आता पाहणाऱ्याला जे पाहिले ते कळले का, हे लिहायला मात्र शिक्क्यावर जागा नसते.

आणि खरा प्रश्न तोच आहे. ज्याला एखाद्या गोष्टीतले काही कळत नाही, त्याने त्या गोष्टीला 'ठीक आहे' असा दाखला द्यावा का? प्रश्न ऐकायला सोपा आहे. कुणीही म्हणेल, छे, मुळीच देऊ नये. पण मग लग्न जमवणारे मध्यस्थ, नाटकांचे परीक्षक आणि आमचे साहेब यांनी दिवसभर करावे तरी काय?

बी.कॉम.ला आम्हांला ऑडिटिंग नावाचा विषय होता. त्यात इंग्लंडमधला १८९६ सालचा किंग्स्टन कॉटन मिलचा खटला हमखास विचारीत. हिशेब तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असा निर्वाळा त्यात न्यायमूर्ती लोप्स यांनी दिला होता. एवढे एक वाक्य पाठ करून आमच्यातले कित्येक जण पास झाले. परंतु राखणीच्या कुत्र्याला निदान चोर आणि पोस्टमन यांतला फरक कळावा की नाही, याबद्दल आमच्या गाईडात काही नव्हते. तो धडा मला पुढे एका टाकीने दिला.

टाकी भाच्याची. हा भाचा मालवणला असतो. पर्यटकांना समुद्रात बुडवून पुन्हा वर काढणे हा त्याचा व्यवसाय. (बुडवण्याचा अनुभव आमच्या बँकिंग क्षेत्रालाही आहे; वर काढण्याचा तितकासा नाही.) मालवण-तारकर्लीला हल्ली लोक पाठीला टाकी बांधून पाण्याखाली मासे बघायला जातात. पूर्वी मासे बघायला बाजारात जात. असो. गणपतीला भाचा आमच्याकडे पेणला आला तो दोन रिकाम्या टाक्या घेऊन. त्यांची मुदतीची तपासणी मुंबईला करून घ्यायची होती. ती अलीकडेच कुठे झाली तर पाहावे, असा त्याचा बेत.

भाद्रपदात पेणच्या माणसाला टेम्पोतून मूर्ती चढताना-उतरताना बघायची सवय. आमच्या दारात टाकी उतरली तशा शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बाई, कोण आजारी आहे?" २०२१ सालची धावाधाव ज्यांनी पाहिली, त्यांना उभट टाकी दिसली की अजून आधी हाच प्रश्न सुचतो. भाच्याने समजावले, "काकू, यात ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच साधी हवा असते. फक्त दाबून भरलेली."

"हवा? आणि ती विकत भरता?" असे म्हणून काकू गेल्या. महागाईबद्दल त्यांचे जे मत होते ते त्या दिवशी पक्के झाले.

दाबून म्हणजे किती, हे मला भाच्याने कुकरच्या हिशेबात सांगितले. घरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा त्याच्या आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा जादा दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन किलोचा. या टाकीत २०० किलोचा! ११ लिटरच्या टाकीत २२०० लिटर हवा कोंबलेली. सकाळच्या गाडीने प्रवास करणाऱ्याला ही गर्दी कल्पनेने समजते. फरक एवढाच की गाडीतली माणसे पुढच्या स्टेशनापर्यंत दम धरतात. हवा धरत नाही. तिला कुठे भेग सापडली तर ती शेजारी उभ्या असलेल्या माणसासकट सगळे घेऊन बाहेर पडते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला मरायला समुद्राखाली जातोय? नका जाऊ. पण सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षात आणि टॅक्सीत जी टाकी असते, तिच्यातही दाब २०० चाच. तिची दर ३ वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी झाली पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे, आणि ती करणाऱ्या केंद्राला नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या सरकारी संघटनेची मान्यता लागते. म्हणजे ज्याने आयुष्यात समुद्र फक्त अलिबागच्या किनाऱ्यावर आणि गुडघ्यापर्यंत अनुभवला, तो गृहस्थही एखाद्या टाकीला पाठ लावून बसलेला असतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या गळ्यापाशी पट्टीवर 'सी-२७' असे काहीतरी लिहिलेले असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही हप्ते. 'सी-२७' म्हणजे २०२७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये या सिलिंडरची पुन्हा तपासणी करायची. ही पट्टी गेल्या महिन्यात कितीजणांनी वाचली? आमच्या आळीत मी विचारून पाहिले. एकाने सांगितले, ती सिलिंडरची जन्मतारीख. दुसऱ्याने सांगितले, मृत्यूची.

तर आम्ही टाक्या घेऊन निघालो. पेण आणि रोहा यांच्यामधल्या एका गावात एक दुकान आहे. गावाचे नाव सांगत नाही आणि दुकानाचेही नाही, कारण दुकानदाराने चहा पाजला होता. पाटीवर लिहिले होते, 'सर्व प्रकारचे सिलिंडर तपासून मिळतील.' बँकेतल्या अनुभवाने मी 'सर्व' या शब्दाला फार भितो.

"कसली आग विझवायची आहे?" दुकानदाराने टाकीकडे बघून विचारले.

"आग नाही," भाचा म्हणाला, "हवेची टाकी आहे."

"हवा? मग पंक्चरवाल्याकडे न्या ना!"

भाच्याने शांतपणे सगळे सांगितले. पाण्याखाली श्वास घ्यायला लागते, आत २०० चा दाब असतो, वगैरे. दुकानदाराने एक पाना घेतला, टाकीवर टण्णकन मारला, कान लावला आणि म्हणाला, "आवाज टणक आहे. पास. कागद कितीचा देऊ? तीन वर्षांचा की पाचाचा?"

शर्टपीस मीटरवर मिळते तसा दाखला वर्षांवर मिळताना मी प्रथमच पाहत होतो.

"पण आत पाणी भरून दाब देणार ना?" भाच्याने विचारले.

"आत पाणी? अहो, गंजेल ती!"

"ॲल्युमिनियमची आहे. तिला गंज चढत नाही."

"गंजत नाही ना? मग तपासायचं काय?" दुकानदार म्हणाला. तर्कशास्त्रात हा माणूस आमच्या रीजनल मॅनेजरच्याही वर गेला असता. मग आवाज खाली आणून, "साहेब, तुम्ही घरचे म्हणून सांगतो, रंग उडालाय. भट्टीतला रंग मारून देतो. नवी दिसेल."

इथे भाचा दचकला. असला रंग १८०-२०० अंशांच्या भट्टीत पक्का करतात. ॲल्युमिनियमच्या टाकीला तिची ताकद कारखान्यात मोजून-मापून दिलेल्या उष्णतेने आलेली असते. पुन्हा तशी तापवली की ती ताकद उतरते. म्हणजे त्या दुकानातून जी टाकी सर्वांत देखणी होऊन बाहेर पडेल, ती सर्वांत कमकुवत असणार. असे नमुने आपण फक्त लग्नाच्या बाजारात पाहिले होते.

खरी तपासणी कशी असते, हे मग भाच्याने मला परतीच्या वाटेवर सांगितले आणि ते मला फार आवडले. टाकी आतून दिव्याने आणि छोट्या आरशाने पाहतात. मग ती पाण्याने भरतात, पाण्याच्याच एका मोठ्या भांड्यात बुडवतात आणि नेहमीच्या दीडपटीहून अधिक दाब देतात. हवेऐवजी पाणी अशासाठी, की पाणी दाबले जात नाही. टाकी फुटलीच तर पाणी नुसते गळते, हवेसारखे उसळत नाही. दाबाने टाकी किंचित फुगते, बाहेरच्या भांड्यातले पाणी तितके वर सरकते आणि ते मोजतात. मग दाब काढून घेतात आणि टाकी पूर्वीच्या मापावर आली का ते बघतात. थोडी फुगलेलीच राहते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे, जेवढी फुगली त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त फुगवटा कायम राहिला तर ती नापास.

यात किती तत्त्वज्ञान आहे पाहा. दाबाखाली फुगलास, यात गुन्हा नाही. सगळेच फुगतात. दाब गेल्यावर पूर्ववत झालास का, एवढाच प्रश्न. बढती मिळालेल्या माणसांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची सोय असती, तर आमच्या क्षेत्रीय कार्यालयात खुर्च्या पुष्कळ रिकाम्या झाल्या असत्या.

दुसऱ्या दुकानात अगदी उलटे झाले. त्या गृहस्थांनी टाकीवर ठोकलेली साल-तारीख वाचली, २००९, आणि हात झटकले. "जुनी झाली. ॲल्युमिनियमच्या जुन्या टाक्या फुटतात. भोक पाडून मोडीत काढतो. भंगाराचे पैसे वजा करू." बिचाऱ्याने कुठेतरी अर्धे ऐकले होते. खरी गोष्ट अशी की १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत बनलेल्या पुष्कळ टाक्या ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या होत्या. त्यांच्या मानेपाशी, आट्यांजवळ बारीक भेगा पडत आणि त्यांतल्या काही भरतानाच फुटल्या. पुढे ६०६१ हा मिश्रधातू आला. त्याला तो रोग नाही. भाच्याच्या दोन्ही टाक्या या दुसऱ्या जातीच्या होत्या. वय एवढ्या एकाच गुन्ह्याबद्दल त्यांना फाशी द्यायची काही गरज नव्हती.

घरी येऊन जेवताना वाद झाला. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, दुसरा दुकानदार बरा. चांगली टाकी मोडीत गेली तर पैसे जातील. वाईट टाकी पास झाली तर माणूस जाईल. हिशेब बरोबर आहे. परिणाम तोलायचे तर दुसऱ्याची चूक स्वस्तातली. पण नीतीच्या तराजूत घातले तर मला दोघे सारखेच वाटतात. एक न बघता 'हो' म्हणाला, दुसरा न बघता 'नाही' म्हणाला. टाकीच्या आत दोघांपैकी कुणीच डोकावले नाही. शेत न बघता कर्ज मंजूर करणारा आणि माणूस न बघता कर्ज नाकारणारा, दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी. आणि सावधपणाचा आव आणणारे अज्ञान जास्त दिवस टिकते, कारण त्याचा स्फोट होत नाही.

तिसरे ठिकाण रोह्याजवळचे. धाटावच्या कारखान्यांच्या निमित्ताने त्या बाजूला नळकांड्यांची, झडपांची कामे करणारी माणसे बरीच. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टाकी हातात घेतली, फिरवली, मानेवरची अक्षरे चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "मला यातलं माहीत नाही. मी हात लावणार नाही. मुंबईला न्या."

आमच्याबरोबर मेहुणे होते. ते बाहेर येताच उसळले, "माहीत नाही तर दुकान कशाला मांडलंय?"

मला वाटते, या उद्गारात सगळे आले. दिवसभरात भेटलेल्या तिघांमध्ये एकाच माणसाने टाकीवरचे लिहिलेले वाचले, आपल्या ज्ञानाची सीमा ओळखली आणि गिऱ्हाईक परत पाठवले. आणि शिव्या त्यालाच! चहा पाजून पास करणारा आमच्या मेहुण्यांना 'मोकळा माणूस' वाटला होता. दुकानदार अज्ञानी का राहतात, याचे उत्तर दुकानात शोधू नये. आपल्याला तपासणी नको असते. तपासल्याचा कागद हवा असतो. तो दोन मिनिटांत देणारा हुशार, आणि 'थांबा, मला बघू द्या' म्हणणारा अडाणी.

इथे माझ्या पेशाचा एक मुद्दा येतो. आम्ही बँकवाले कागदावर जगतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. १९४३ ते १९४९ त्यांनी ते पद सांभाळले. गव्हर्नरची सही असलेला कागद म्हणजे पैसा, कारण सगळ्यांचा त्या सहीवर विश्वास असतो. नोटेची गंमतच ही की सगळ्यांनी ती खरी मानली की ती चालते. सिलिंडरचे तसे नाही. पेण तालुक्यातल्या यच्चयावत लोकांनी एखाद्या टाकीवर विश्वास ठेवला, तिच्या दाखल्यावर साक्षात गव्हर्नरांची सही आणली, तरी तिला भेग असेल तर ती फुटणारच. सिलिंडरला वाचता येत नाही. आपल्याला तीन वर्षांचा कागद मिळाला आहे, हे त्याला कुणी समजावून सांगू शकत नाही.

मग कागदाच्या जगात शिक्का पुरतो, आणि लोखंडाच्या जगात तपासणी लागते, असे म्हणावे का? मी तसे म्हणणार होतो. पण पेणमध्ये राहून तसे म्हणता येत नाही. २०१० साली पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेले स्वतःचेच पैसे लोकांना काढता येईनात. तिचेही ताळेबंद वर्षानुवर्षे निघत होते. हिशेबांची तपासणी होत होती, खाली सह्या होत्या. कागदालाही भेग पडते आणि तोही फुटतो. फक्त त्याला वेळ लागतो आणि आवाज होत नाही. त्या न झालेल्या आवाजाने पेणमधली कितीतरी माणसे अजून दचकून उठतात. तेव्हा विनोद बाजूला ठेवून सांगतो, न बघता मारलेला शिक्का म्हणजे उसनवारी असते. फेडायची वेळ शिक्का मारणाऱ्यावर येत नाही. टाकीशेजारी जो उभा असेल त्याच्यावर येते.

याबाबतीत मला आमचा एक दाखला फार प्रामाणिक वाटतो. दर नोव्हेंबरात निवृत्त मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर साक्षात माणूस बसून खोकत असतो, तरी त्याने जिवंत असल्याचे लिहून द्यायचे. २०१४ पासून हे बोटाचा ठसा देऊन यंत्रावरही होते. लोक या प्रकाराला हसतात. पण ज्याच्याबद्दल लिहायचे, तो आधी समोर हवा, हा त्यातला आग्रह खोटा नाही. टाकीचा दाखला म्हणजे तरी दुसरे काय? तोही हयातीचाच, टाकीच्या आणि तिच्याजवळच्या माणसाच्या.

मग अशा दुकानदारांशी वागावे कसे? भाच्याकडून शिकलेल्या तीन युक्त्या सांगतो, फुकट आहेत. एक, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा एक प्रश्न विचारावा. यात ऑक्सिजन असतो का, एवढा पुरतो. दोन, 'पास होईल ना?' असे विचारू नये; 'पाणी कुठे भरता, दाखवा' असे म्हणावे. आपली आजी माठ घेताना तो वाजवून घ्यायची, पण घरी आणल्यावर रात्रभर पाणी भरून ठेवायची आणि सकाळी खालची जमीन बघायची. आवाजावर तिचा विश्वास होता. ओलीवर जास्त होता. तीन, 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढच्या वेळी त्याला जे माहीत आहे ते काम त्यालाच द्यावे. नाहीतर तोही उद्या पाटीवर 'सर्व' असा शब्द रंगवून घेईल, आणि दोष त्याचा नसेल.

टाक्या शेवटी मुंबईला गेल्या. तिथे व्यवस्थित तपासणी झाली. एक पास झाली. दुसरी, जी वाजवल्यावर टणक वाजली होती, ती फुगून पूर्ववत झाली नाही. नापास. भाच्याने दोन्ही टाक्यांचे सारखेच पैसे मोजले आणि खुशीत घरी आला. सौभाग्यवतींना हे काही उमगेना. नापास करण्याचे पैसे कशाला द्यायचे?

"मामी," भाचा म्हणाला, "नापास करता येतं त्यालाच तर तपासणी म्हणतात. हीच टाकी पाठीवर बांधून परवा कुणाची तरी पोरगी पाण्यात उतरली असती."

त्या टाकीचा बूड कापून टाकतात आणि वरच्या भागाची घंटा करतात, अशी पाणबुड्यांमध्ये पद्धत आहे. भाच्याने तशी घंटा करून मालवणला होडीच्या धक्क्यावर टांगली आहे. गेल्या खेपेला मी ती वाजवून पाहिली. त्या पहिल्या दुकानदाराच्या एका म्हणण्याला मात्र मी केव्हाही दाखला देईन. आवाज खरोखरच टणक आहे.